सोमवारचं ग्राउंड

(गडचिरोली. दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, दुपारची वेळ. थोरली रंजीता खाटेवर, उजव्या खुब्याला पट्ट्या. माय बुधरी खाली चटईवर. धाकटी रिना आत्ताच बसमधून उतरून आलेली.)

रिना : खाटेखाली नाईत. बादली आहे, मायचं गाठोडं आहे. तुझे धावाचे जोडे कुठी ठेवले, बाई?

रंजीता : आधी बस. पाणी पे.

रिना : साडेतीनची बस आहे. ते चुकली त मंग सहाची, अन् सहाची कुरखेड्याच्या पुढं जात नाई.

रंजीता : मी तुले जोडे न्यायले नाई बोलावलं.

रिना : फोनवर त तूच म्हटलं, जोडे घेऊन जा म्हणून.

रंजीता : तसं म्हटलं नसतं त तू आली असती?

बुधरी : बस न वो पोरी. उभ्या उभ्या भांडाले हा बाजार आहे का? बहिनीचं हाड मोडून बावीस दिवस झाले, तू आज तोंड दाखवून राह्यली.

रिना : सोमवारी पोलीस भरतीचं ग्राउंड आहे, माय. दोन टाइम धावून राह्यली मी. येऊ कधी?

रंजीता : पाय दाखव.

रिना : कोणता?

रंजीता : डावा. दारातून येताना तू डावा वाचवून टाकत होती.

रिना : बसमध्ये मुंग्या आल्या.

रंजीता : मी पण पहिले मुंग्याच म्हटलं. मंग लचक म्हटलं. मंग दोन महिने बाम चोळला, भरतीच्या तयारीले राहो त्या रूममधल्या पोरी म्हणत, रंजीता आली का नाक झोंबते. इकडं कर पाय. दाबतो, सांग. इथी?

रिना : नाई.

रंजीता : इथी?

रिना : नाई म्हटलं न.

रंजीता : अन् इथी, नळीच्या हाडावर?

रिना : हात काढ, बाई.

रंजीता : पाह्यलं का, माय?

बुधरी : पाह्यलं. थे लहानपनापासून अशीच आहे. काटा रुतला तरी सांगाची नाई.

रंजीता : चार वाजता डॉक्टरीन बाई राउंडले येते. ते तुले पाहणार आहे. त्यासाठी बोलावलं तुले.

रिना : मोडलं तुझं, पाहणार मले?

रंजीता : तिनंच सांगतलं. म्हणे, तुला बहीण आहे का? आहे म्हटलं. ती पण धावते का? धावते म्हटलं. म्हणे, मग तिला लवकर घेऊन या.

रिना : डॉक्टर लोकायले तेवढंच पाहिजे. तू पडली म्हणून मोडलं. मी पडून नाई राह्यली.

रंजीता : मी पडली म्हणून तुले कोणी सांगतलं?

रिना : गावात सगळे तसंच म्हणतात. कुरखेड्याच्या स्टँडवर पडली म्हणून.

रंजीता : मी बसमधून उतरली. शेवटची पायरी, सुकी, ना चिखल ना काई. पाय टेकवला अन् आतून कट् असा आवाज आला. हाड आधी मोडलं, रिना. मी त्याच्यानंतर पडली. कंडक्टर म्हणे, पोरगी पिऊन आहे.

बुधरी : त्याचं काय चुकलं. जवान पोरगी सपाट जागी अशी पडते का?

रंजीता : ऑपरेशन झाल्यावर गाडीनं चंद्रपूरले नेलं, हाडं मोजाले. मशीनवर निजवते, वरून एक दांडा फिरते, झालं. काई दुखत नाई. कागद आला त डॉक्टरीन बाई लय वेळ पाहत बसली. म्हणे, रंजीता, तू बावीस वर्षांची आहेस आणि ही हाडं साठीच्या बाईची आहेत.

बुधरी : मी म्हटलं, बाई, मशीन बिघडली असन. थे हासली नाई.

रिना : मंग गोळ्या देईन. दिल्या असन न?

रंजीता : दिल्या. गोळ्या दिल्या, अन् इचारत बसली. मायले इचारलं, तुमचं कधी काही मोडलं होतं का?

बुधरी : म्हटलं मनगट. मोहा येचता येचता घसरली, तू तवा पाठीवर बांधून होती, रिना. तुले काई नाई झालं, माह्या हातच वाकडा झाला, थो तसाच आहे. मंग थे म्हने, तुमच्या आईचं काय? म्हटलं, सुकरी बुढी चाळिशीतच कंबरीतून वाकली. मरतवरी तिले मानसाचं तोंड पाहाचं असलं त मान तिरपी करा लागे. डॉक्टरीन सारं लिहत गेली. मले वाटलं, मी ठान्यात बसून गुन्हा कबूल करून राह्यली.

रंजीता : गुन्हा नोहे, माय. मी तुले कितीदा सांगतलं.

बुधरी : तू सांगतलं. माह्या पोटातून तुमच्या हाडात गेलं, हेपन तूच सांगतलं.

रिना : म्हणजे रक्तातच आहे त. मंग धावलं काय अन् घरी बसलं काय.

रंजीता : नाई. मी पण असंच म्हटलं होतं तिले. त तिनं समजावून सांगतलं. हाडात ताकद साठते ते पंचविशीपर्यंत. त्याच्यानंतर साठत नाई, फक्त निघते. मी म्हटलं, ढोलीसारखं का? तिले ढोली माहीत नाई, ते पुण्याकडची. म्हटलं, धान ठेवाची बांबूची ढोली. म्हणे, हो, अगदी तसंच. ढोली केवढी, ते मायबापाकडून येते. तिच्यात भरलं किती, ते आपलं खाणंपिणं, आपलं राहणं. आपल्या घरच्या ढोल्या आधीच लहान, रिना. अन् भराच्या दिवसात आपण काय केलं?

रिना : काय केलं?

रंजीता : रातचा भात बंद केला.

रिना : ते तूच शिकवलं मले.

रंजीता : हाव. मीच शिकवलं.

रिना : एक किलो उतरलं का आठशे मीटरचे दोन सेकंद उतरते. कोणी सांगतलं? तू सांगतलं. सकाळी चहा-पोहे, दुपारी अर्धी वाटी, रातच्याले काकडी. तेलाचं नाई, सुकट नाई. सुकटीनं अंगाले वास येते म्हणे. फोनवर माझं वजन इचारे तू, रोज. माझी तब्येत कशी आहे ते एक दिवस नाई इचारलं.

रंजीता : नाई इचारलं. माझ्या रूममधल्या सीनियर पोरींनं मले सांगतलं, मी तुले सांगतलं. त्यायले कोणी सांगतलं ते देव जाणे. त्यातल्या दोघी भरती झाल्या म्हणून आमाले ते खरं वाटलं.

बुधरी : मी वाढो त हे ताट सरकवे. म्हने, माय, भरती झाली का खाईन. म्या म्हटलं, शिकलेल्या पोरी आहे, यायले समजत असन. डॉक्टरीन म्हने, काट्यासकट बारीक मासोळी द्या, नाचनीची, आपल्या मंडियाची आंबील द्या, तीळ द्या. मले हासू आलं. थे त आमी खातच होतो, बाई. यायनंच सोडलं. म्हने, दूध द्या. म्हटलं, दूध वासराचं अस्ते.

रिना : आयकलं मी सगळं. सोमवार झाला का खातो. जोडे दे.

रंजीता : अजून एक गोष्ट आहे. कुरमात शेवटची कधी बसली तू?

रिना : हे काय इचारणं झालं?

रंजीता : सांग.

रिना : मायसमोर?

रंजीता : मायसमोरच सांग.

रिना : धान कापाच्या आधी.

रंजीता : आता मोहा पडून राह्यला.

रिना : मले मोजता येते. सहा महिने. त काय झालं? बरंच आहे न. त्या झोपडीत पाच दिवस बसाचं, वरून गळते, खाली विंचू, धावणं बंद. तुले त सगळ्यात जास्त माहीत आहे.

रंजीता : माहीत आहे. म्हणून त मी डॉक्टरीन बाईले खुशीनं सांगतलं. तिनं इचारलं, पाळी कधी आली होती? मी म्हटलं, मॅडम, आठ महिने झाले, आलीच नाई. असं सांगतलं, जसं मेडल भेटलं. तिनं पेन खाली ठेवला. म्हणे, मग तू कोणाला दाखवलं का नाहीस? मंग मले कुरमा सांगा लागला. म्हटलं, आमच्या गावात पाळी आली का घरात राहाचं नाई, कोपऱ्यातल्या झोपडीत पाच दिवस राहाचं, शिवाचं नाई, कुठी जाचं नाई. अन् मागच्या भरतीचं सांगतलं.

रिना : अर्धा मार्क.

रंजीता : हाव. ग्राउंडच्या दोन दिवस आधी आली अन् मी कुरमात. तिसऱ्या पहाटे तशीच उठून निघाली. धावली कशी ते मलेच माहीत. अर्ध्या मार्कानं गेली. वरून गावानं मायले बोलून बोलून खाल्लं, पोरीनं बाट केला, गाव विटाळलं म्हणून. त मॅडम, म्हटलं, पाळी बंद झाली तेव्हा मी रूमवर नाचली. ते म्हणे, रंजीता, पाळी बंद झाली म्हणजे शरीर सांगत होतं की मी उपाशी आहे.

रिना : पाळीचा अन् हाडाचा काय संबंध?

रंजीता : बाईच्या अंगात एक रस बनते. त्यानंच पाळी येते, अन् तोच हाडाले धरून ठेवते. खाणं कमी, धावणं जास्त, त शरीर पहिले ते बंद करते. मंग ढोलीतून काढून खाते. वरून आपल्याले काई दिसत नाई. आपण म्हणतो, टाइमिंग सुधारून राह्यला.

बुधरी : थांब, रंजीता. थे बंद होनं चांगलं नोहे?

रंजीता : नाई, माय.

बुधरी : तुही बंद झाली म्हनून हाड कच्चं झालं?

रंजीता : तेच्यानं पण, अन् आपल्या घरच्या हाडानं पण. दोन्ही मिळून.

बुधरी : अन् हिची?

रंजीता : हिची नळी पाह्यली न तू आता. काय झालं, माय? अशी काऊन पाहून राह्यली?

बुधरी : मी मातेले कोंबडी देल्ली.

रंजीता : कशाची कोंबडी?

बुधरी : तू अर्ध्या मार्कानं गेली. आठ दिवस जेवली नाई, कोनासंग बोलली नाई. म्या मातेपाशी जाऊन सांगतलं. म्हटलं, माह्या पोरीचे हे पाच दिवस तू ठेवून घे. भरती झाली का परत दे. चार महिन्यात मातेनं आयकलं. तू फोनवर सांगतलं, माय, आता येत नाई, त मी काळी कोंबडी घेऊन पुजाऱ्याकडं गेली.

रंजीता : तू मले सांगतलं नाई.

बुधरी : नवस सांगत नाईत.

रिना : अन् माझ्यासाठी?

बुधरी : तुह्यासाठी पांढरी बोलली होती. माघात देल्ली.

रिना : पांढरी त अंडे देत होती, माय.

बुधरी : म्हनून त देल्ली. खालच्या टोल्यावरच्या, त्या वस्तीतल्या बाया कुचकुच करत, बुधरीची पोरगी कुरमात दिसत नाई, कोनाचं पोट घेऊन आहे का काय. मी ताठ मानेनं सांगो, माह्या पोरीवर मातेची नजर आहे. एवढ्या जनीत माह्याच पोरीयवर.

रंजीता : माय, इकडं ये. खाटेवर बस. कोंबडीनं नाई झालं हे.

बुधरी : मंग कायनं झालं?

रंजीता : भुकेनं झालं.

बुधरी : कोंबडीनं झालं असतं त बरं होतं. मी जाऊन बोलली असती तिच्यासंग.

रिना : सव्वातीन झाले.

रंजीता : तू अजून बसच पाहून राह्यली?

रिना : मंग काय पाहू? तू सांगतलं, मी आयकलं. मायनं कोंबड्या कापल्या, ते पण आयकलं. आता मी इथी बसून रडू का तुमच्यासंग?

रंजीता : चार वाजेपर्यंत थांब. ते पाहीन, फोटो काढीन नळीचा. बरोबर असली त मी सोताच्या हातानं जोडे देतो.

रिना : अन् बरोबर नसली त?

रंजीता : त नाई धावाचं.

रिना : पाह्यलं? म्हणून मले थांबाचं नाई. मले माहीतच नाई पाहिजे. सोमवारपर्यंत नाई.

रंजीता : पुढच्या भरतीले धाव. तू एकोणीसची आहे, रिना. तुझी ढोली अजून भरू शकते. सहा वर्षं आहेत तुझ्याजवळ. माझ्याजवळ तीन आहेत, अन् त्यात खुब्यात तीन स्क्रू. मले कोणी वर्दी देणार नाई, ते मले समजलं आहे. मी स्वतःसाठी बोलून राह्यली का?

रिना : पुढची भरती कधी आहे? सांग न, तुले जीके पाठ आहे. मागची अन् ही, यात किती दिवस गेले? आज माझा टाइम दोन बावन्न आहे. पुढच्या वेळी मी कोणाच्या तरी घरी चुलीपाशी असन. मायनं दोन पाहुणे परत केले, तिसऱ्याले ते नाई म्हणणार नाई.

बुधरी : थे खरं आहे.

रिना : सुकरी आजी धावली होती का? उपाशी राह्यली होती का भरतीसाठी? तरी वाकली. माय धावली का? तिचं मनगट पाह्य. काई केलं तरी आपल्या घरी मोडतेच, बाई. मोडणारच आहे त वर्दीत मोडू दे.

रंजीता : वर्दी भेटाच्या आधी मोडलं त? चारशेवर मोडलं त? वळणावर पडशीन, पोरी वरून जाईन तुझ्या. आठशे पूर्ण कोण करीन मंग?

रिना : तीन मिनिटं आहेत. तीन मिनिटं टिकते हाड. तुझं आठ महिने टिकलं.

रंजीता : माय, तू सांग तिले. ते माझं नाई आयकणार. मीच बिघडवलं, आता मीच सांगतो, त काऊन आयकीन? तू सांग.

बुधरी : काय सांगू?

रंजीता : नोको धावू म्हण. एकदा म्हण.

बुधरी : रिना.

रिना : काय, माय?

बुधरी : दुखते का लय?

रिना : धावताना नाई दुखत. थांबली का दुखते.

बुधरी : माह्या गाठोड्यात आहे जोडे. लुगड्यात बांधले आहे.

रंजीता : माय, नोको देऊ.

बुधरी : मी नाई देल्ले त थे अनवानी धावन. मले माही पोरगी माहीत नाई का? तुहा बा तिकडं एकटा मोहा येचून राह्यला. रातच्याले फोनवर इचारते, रंजीता कधी चालन? मी म्हनतो, चालन. मंग म्हनते, रिनाचं सोमवारी आहे न? दोन पोरीयपैकी एकीचं त नाव घेऊ दे त्याले.

रंजीता : म्हणजे तुले समजलं नाई मी काय सांगतलं ते.

बुधरी : समजलं, बाई. सारं समजलं. तुहं मोडलं तवा मी तिथी होती का? नाई. हिचं मोडन तवा मी ग्राउंडच्या तारेपाशी उभी राहीन. तेवढंच माह्या हातात आहे.

रिना : मोडणार नाई, माय. घालून पाहू का इथीच? अगदी बरोबर बसले.

रंजीता : बसणारच. तुझा पाय अन् माझा एकच आहे. तोच त घोर आहे मले.

रिना : जातो, बाई.

रंजीता : थांब. लेस दोनदा बांध, उजव्या जोड्याची लेस सुटते. पहिला राउंड कोणाच्या मागं लागू नोको. गोळा फेकणं आधी झालं त हात झटकून घे. वळणावर डाव्या पायावर वजन येते.

रिना : माहीत आहे.

रंजीता : अन् आज रातचा भात खा.

रिना : सोमवारी रातचा खातो.

रंजीता : रिना.

रिना : डॉक्टरीन बाईले सांग, मंगळवारी येतो. मंगळवारी जे सांगीन ते करतो. रागावू नोको, बाई. तू अर्ध्या मार्कानं गेली होती, मी अख्खा आणतो. जातो, माय.

बुधरी : ये. सांभाळून उतर बसमधून.

रंजीता : गेली?

बुधरी : गेली.

रंजीता : मले इथून दार दिसत नाई. लंगडली का?

बुधरी : आपल्यासमोर नाई लंगडली. जिन्यापाशी गेली तवा कठडा धरला.

रंजीता : मी तिले पहिल्यांदा ग्राउंडवर नेलं तेव्हा ते चौदाची होती, माय. दोन राउंडात मले मागं टाकलं. मी म्हटलं, आपल्या घरची पहिली पोलीस हेच होईन. मले एवढा आनंद झाला होता. मीच नेलं तिले.

बुधरी : नोको रडू. टाके आहे तुले.

रंजीता : टाके खुब्यात आहेत. रडलं त खुब्याले काय होते.

बुधरी : मले एक सांग. तू डॉक्टरीनले इचारलं का?

रंजीता : काय?

बुधरी : बंद कराले एक कोंबडी लागली. परत सुरू कराले काय लागते?

रंजीता : इचारलं.

बुधरी : काय म्हने? घरी बोकड आहे एक. तुह्या बाले सांगतो, मोहा राहू दे, बोकड घेऊन मातेपाशी जा म्हनून. दोघीयचं मिळून सांगतो.

रंजीता : जेवण लागते, माय. पोटभर, दोन टाइम.

बुधरी : बस? एवढंच?

रंजीता : एवढंच होतं.